दंडातील तिसरे शीर्ष: सोलापूरच्या एका विच्छेदन कक्षातील प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापुरातील एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात काही वर्षांपूर्वी हे प्रकरण घडले. विद्यार्थी, शिक्षक आणि देहदाता यांची ओळख पटेल असे सर्व तपशील येथे गाळले आहेत. ज्या टेबलावर हे घडले त्या टेबलाची जबाबदारी माझ्याकडे होती. त्यामुळे पुढे ज्या चुकांचा उल्लेख येईल त्यांपैकी निदान दोन माझ्या आहेत, हे आधीच नोंदवते.

देह साठी ओलांडलेल्या पुरुषाचा होता आणि तो स्वेच्छेने केलेल्या देहदानातून विभागाकडे आला होता. १९४९ साली मुंबई राज्यात झालेल्या आणि आज महाराष्ट्राच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शरीररचनाशास्त्र अधिनियमानुसार असे देह वैद्यकीय महाविद्यालयांना अध्ययनासाठी मिळतात. कक्षात आल्यावर देहाला केवळ क्रमांक असतो. त्या व्यक्तीने आयुष्यभर कोणते काम केले, तिचा हात कधी दुखत होता का, बोटांना मुंग्या येत होत्या का, यांतले काहीही आम्हाला ठाऊक नव्हते आणि पुढेही कळले नाही.

प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांचे विच्छेदन आमच्याकडे हातापासून सुरू होते. एकाच देहाचा उजवा हात एका गटाकडे आणि डावा हात दुसऱ्या गटाकडे दिला जातो. काख झाली की दंडाचा पुढचा कप्पा येतो. यात तीन स्नायू असतात. लहान मुले ज्याची बेटकुळी काढून ताकद दाखवतात तो बायसेप्स सर्वांत वर असतो. त्याची दोन शीर्षे, म्हणजे उगमाकडची टोके, खांद्याच्या पात्यापासून निघतात: आखूड शीर्ष कोराकॉइड या चोचीसारख्या टोकापासून आणि लांब शीर्ष खांद्याच्या खोबणीच्या वरच्या उंचवट्यापासून. दोन्ही एकत्र येऊन कोपराखाली रेडियस या हाडाला जोडली जातात, आणि त्यांच्या कंडरेपासून (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीसारख्या भागापासून) एक पातळ, चकचकीत पट्टा आतल्या बाजूने अग्रबाहूच्या, म्हणजे कोपराखालच्या हाताच्या, आवरणात पसरतो. बायसेप्सखाली ब्रेकियालिस असतो. तो भुजास्थीच्या, म्हणजे दंडाच्या हाडाच्या, खालच्या अर्ध्या भागापासून निघून अल्ना या हाडाला जातो. तिसरा कोराकोब्रेकियालिस हा लहान स्नायू कोराकॉइडपासून निघून भुजास्थीच्या मध्यावर आतल्या बाजूला संपतो. तिघांनाही मुख्यतः एकच चेता (नर्व्ह) पुरवठा करते, ती म्हणजे मस्क्युलोक्युटेनियस. ही शेवटची बाब विद्यार्थ्यांना पाठ असते. पुढे तिनेच आमची अडचण वाढवली.

अडचण

मार्च संपत आला होता. सोलापुरात त्या दिवसांत दुपारी पारा चाळिशीच्या आसपास असतो आणि विच्छेदन कक्षात उघडा राहिलेला स्नायू अर्ध्या तासात कडेने सुकू लागतो. त्यामुळे कक्षाचे मामा जुन्या सोलापुरी टॉवेलचे तुकडे ग्लिसरीन मिसळलेल्या पाण्यात भिजवून प्रत्येक टेबलावर ठेवत असत. ज्या भागावर काम चालू नाही तो भाग त्याने झाकायचा, असा नियम होता. परीक्षा पंधरा दिवसांवर होती आणि दंडाच्या रक्तवाहिन्या व चेता आठवडाभरात संपवायच्या होत्या.

डाव्या बाजूचा गट चपळ होता आणि पुढे गेला होता. उजव्या बाजूच्या गटातील एक विद्यार्थिनी दंडातील मुख्य धमनी असलेल्या ब्रेकियल रोहिणीभोवतीच्या शिरा आणि चरबी चिमट्याने काढत होती. रोहिणी थोडी उचलल्यावर तिच्या मागे स्नायूतंतूंची एक पट्टी दिसली. त्या जागी ब्रेकियालिस असतोच, म्हणून गटातील इतरांनी तो ब्रेकियालिस समजून पुढे जायचे ठरवले. मीही वरून पाहून तेच सांगितले. ही माझी पहिली चूक. ती विद्यार्थिनी मात्र थांबली. तिने कोपरापाशी बायसेप्सची कंडरा दोन बोटांत धरून हलकेच ओढली आणि दुसऱ्या हाताचे बोट त्या पट्टीवर ठेवले. मग म्हणाली, “मॅडम, ब्रेकियालिस ओढला तर हे ताणत नाही. बायसेप्स ओढला की ताणतंय.”

फॉर्मालिनमध्ये राहिलेले स्नायू ताठ होतात, त्यामुळे असा ताण डोळ्यांना फारसा दिसत नाही, बोटाला मात्र कळतो. मी स्वतः दोनदा ओढून पाहिले. तिचे म्हणणे बरोबर होते.

पट्टी भुजास्थीच्या आतल्या बाजूने, कोराकोब्रेकियालिस जिथे संपतो त्याच्या जवळून निघत होती, आणि रोहिणीच्या मागून तिरकी खाली येऊन बायसेप्सच्या दिशेने जात होती. वरून पाहता ती तीन गोष्टींपैकी कोणतीही असू शकत होती. बायसेप्सचे तिसरे शीर्ष ही पहिली शक्यता. ब्रेकियालिसपासून सुटलेला आणि वाट चुकून बायसेप्सच्या कंडरेला मिळालेला एखादा गठ्ठा ही दुसरी. तिसरी शक्यता अशी की, कोराकोब्रेकियालिसचा एक भाग नेहमीच्या जागी न थांबता खाली लांबत गेला असेल आणि आम्ही त्याच्या खालच्या टोकालाच वेगळा स्नायू समजत असू. रोहिणीच्या इतक्या जवळ अनपेक्षित काही दिसले की सुप्राकॉन्डिलर प्रवर्धाची आठवणही येते. भुजास्थीच्या पुढच्या व आतल्या अंगावर, कोपराच्या आतल्या टेंगळाच्या सुमारे पाच सेंटिमीटर वर, शंभरांत जेमतेम एखाद्या माणसात हाडाचा काटा असतो; त्यापासून टेंगळापर्यंत स्ट्रदर्स यांच्या नावाने ओळखला जाणारा अस्थिबंध जातो आणि त्याखाली मीडियन चेता दाबली जाऊ शकते. आम्ही बोटाने हाड चाचपून पाहिले. काटा नव्हता. ती शक्यता तेथेच मिटली.

समोर असलेले पर्याय

पहिला प्रश्न थांबायचे की पुढे जायचे, हा होता. विच्छेदनाच्या नेहमीच्या क्रमात पुढची पायरी अशी असते की बायसेप्स मध्यावर आडवा कापून दोन्ही भाग वर-खाली उलटायचे, म्हणजे त्याखालची मस्क्युलोक्युटेनियस चेता आणि ब्रेकियालिस मोकळे दिसतात. ही पायरी घेतली असती तर अभ्यासक्रम वेळेत झाला असता. पण पट्टीला जाणारी चेतेची बारीक फांदी याच जागेतून जाणार, हे उघड होते, आणि कापलेला बायसेप्स उलटताना ती तुटण्याची शक्यता मोठी होती. दुसरा मार्ग असा की बायसेप्स अखंड ठेवायचा, जाड दोऱ्याने बाजूला ओढून बांधायचा आणि खालच्या अरुंद जागेत काम करायचे. यात किमान दोन सत्रे जाणार होती. परीक्षा तोंडावर असलेल्या पंचवीस विद्यार्थ्यांची दोन सत्रे, हा काही लहान खर्च नाही. विभागातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे मत होते की फोटो घ्यावा, वर्गात पाच मिनिटे सांगावे आणि पुढे जावे. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते, कारण प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला आधी सर्वसामान्य रचना पक्की कळायला हवी, अपवादाची वेळ त्यानंतरची.

दुसरा प्रश्न पुराव्याच्या क्रमाचा होता. स्नायूची ओळख ठरवताना चेता पाहावी, असे आपण विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो, आणि त्यामागे भ्रूणविज्ञानातील पक्के कारण आहे. हाताचा अंकुर चौथ्या आठवड्याच्या शेवटी दिसू लागतो, स्नायूंच्या मूळ पेशी पाठीच्या बाजूच्या खंडांतून त्यात स्थलांतर करतात, चेता त्यांच्या मागोमाग आत शिरतात, आणि नंतर स्नायू कितीही सरकला, दुभंगला किंवा दुसऱ्याशी जुळला तरी चेतेची सोबत सुटत नाही. पण येथे तिन्ही संभाव्य मालकांची चेता एकच होती. ती मिळाल्याने पट्टी पुढच्या कप्प्यातील आहे एवढे सिद्ध झाले असते. बायसेप्सची की ब्रेकियालिसची, हे त्याने ठरणार नव्हते. त्यासाठी पट्टीचा खालचा शेवट आणि वरचा उगम या दोन्हींची नीट पाहणी आवश्यक होती.

तिसरा प्रश्न दुसऱ्या हाताचा होता. डाव्या बाजूला असे काही आहे का, हे कुणीतरी त्या क्षणी विचारायला हवे होते. विचारले गेले दुसऱ्या दिवशी, आणि एव्हाना उशीर झाला होता.

प्रत्यक्ष कृती

विभागप्रमुखांनी दोन सत्रे मंजूर केली, मात्र एका अटीवर: गटातील चारच विद्यार्थी त्या हातावर राहतील आणि उरलेले शेजारच्या टेबलावर दंडाची सर्वसामान्य रचना पूर्ण करतील. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातील हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता. यामुळे अभ्यासक्रम थांबला नाही, आणि अरुंद जागेत आठ हातांऐवजी दोनच हात काम करू लागले.

बायसेप्स कापला नाही. दोन ठिकाणी जाड सुती दोरा घालून तो बाहेरच्या बाजूला ओढून टेबलाच्या कडेला बांधला. पहिल्या सत्रात खालचा शेवट पाहिला. पट्टी खाली येताना निमुळती होत गेली आणि तिचे तंतू दोन ठिकाणी पोहोचले: काही बायसेप्सच्या कंडरेच्या आतल्या कडेला, तर बरेचसे त्या पातळ चकचकीत पट्ट्यात. अल्नाकडे एकही तंतू गेला नाही. ब्रेकियालिस तिच्या खाली, स्वतःच्या आवरणासह, संपूर्ण स्वतंत्र होता. दोघांच्या मधून स्काल्पेलची बोथट दांडी वरपासून खालपर्यंत कुठेही न अडता फिरली.

दुसरे सत्र चेतेचे होते आणि तेच सर्वांत संथ गेले. चेता खालून वर शोधायची नाही, खोडापासून फांदीकडे जायचे, असे ठरवले होते. मस्क्युलोक्युटेनियस चेता कोराकोब्रेकियालिसला भेदून बाहेर येते, ती जागा आधीच मोकळी केली होती. तिथून ओल्या कापसाच्या बोळ्याने चरबी पुसत पुसत खाली आलो. बायसेप्सच्या फांद्या मिळाल्या. त्यांच्या साधारण दोन बोटे खाली, ब्रेकियालिसची फांदी निघण्याच्या आधी, शिवणकामाच्या दोऱ्याएवढी एक फांदी आतल्या बाजूला वळून पट्टीच्या मागच्या अंगात शिरताना दिसली. ती थेट मुख्य चेतेपासून निघाली होती, शेजारच्या कोणत्याही फांदीपासून नाही. ज्या विद्यार्थिनीने पट्टी शोधली तिनेच ती फांदी वेगळी केली. त्या वीस मिनिटांत टेबलाशी कुणी बोलले नाही. मामांनी मात्र दोनदा येऊन टॉवेल भिजवून दिला.

उगम शेवटी पाहिला. पट्टी कोराकोब्रेकियालिसच्या शेवटाला चिकटून, पण त्याच्याशी एकरूप न होता, थेट भुजास्थीपासून निघत होती. दोघांमध्ये तंतुमय थर होता. लांबी सुमारे चौदा सेंटिमीटर आणि सर्वांत रुंद जागी रुंदी दीड सेंटिमीटर भरली. मोजपट्टी शेजारी ठेवून विभागाच्या कॅमेऱ्याने छायाचित्रे घेतली; कक्षात मोबाइलला बंदी आहे, आणि देहाचा चेहरा व क्रमांक चौकटीत येणार नाही याची काळजी घेतली.

डावा हात

दुसऱ्या दिवशी सकाळी डाव्या बाजूचा टॉवेल उचलला. बायसेप्स मध्यावर कापलेला होता, ब्रेकियालिसचा वरचा आतला भाग चकाचक “साफ” केलेला होता, आणि रोहिणीच्या मागची जागा मोकळी होती. गटाला विचारले. एका विद्यार्थ्याने प्रामाणिकपणे सांगितले की तिथे थोडे मांसाचे तुकडे लोंबत होते, ते चित्रातल्यासारखे दिसेना म्हणून त्याने काढून टाकले. विच्छेदनात निघालेले सर्व ऊतक अंत्यसंस्कारासाठी एकत्र ठेवले जाते, म्हणून ते हरवले नव्हते. पण त्या पिशवीतून एका हाताची अशी अरुंद पट्टी ओळखून काढणे अशक्य होते. लोंबणारे तुकडे तिसऱ्या शीर्षाचे होते की ब्रेकियालिसच्याच कापलेल्या कडेचे, हे सांगण्याचा कोणताही मार्ग उरला नव्हता.

त्या विद्यार्थ्याला दोष देणे सोपे होते आणि एक-दोघांनी तो दिलाही. मला ते पटले नाही. पुस्तकातल्या चित्राशी जुळत नाही ते काढायचे, हे त्याला आमच्याच सूचनांनी शिकवले होते. आमच्या लेखी सूचनापत्रात दंडाच्या पायरीवर “रोहिणीभोवतीचे सैल ऊतक काढून टाका” असे वाक्य होते. सैल ऊतक म्हणजे काय, हे त्यात लिहिलेले नव्हते. ते वाक्य मी लिहिले होते. ही दुसरी चूक.

निष्कर्ष आणि त्याच्या मर्यादा

उजव्या हातातील पट्टीला आम्ही बायसेप्सचे तिसरे, भुजास्थीपासून निघणारे शीर्ष असे नाव दिले. या निर्णयात सर्वाधिक वजन खालच्या शेवटाला होते. चेतेने ती पुढच्या कप्प्यातील आहे हे पक्के केले, आणि स्वतंत्र उगमाने कोराकोब्रेकियालिस लांबल्याची शक्यता दूर केली. ब्रेकियालिसचा गठ्ठा वाट चुकला असावा, हा दुसरा अर्थ मात्र पूर्णपणे खोडता येत नाही. तिसरे शीर्ष ज्या जागेतून निघते ती ब्रेकियालिसच्याच उगमाला लागून असते, त्यामुळे विकासाच्या काळात या दोघांत सीमा कुठे होती हे प्रौढ देहावर सांगता येत नाही. नाव शेवटावरून दिले जाते, एवढेच खरे.

हे वेगळेपण दुर्मिळ नाही. पाठ्यपुस्तकांत साधारण दहांत एका दंडात ते आढळते असे सांगितले जाते. जपानमधील आकडे यापेक्षा बरेच वर आहेत, तर भारतातील विच्छेदनांवर आधारलेले बहुतेक आकडे त्याखाली आहेत. लोकसमूहांमधील फरक खरे असतीलही, पण मला शंका आहे की यातला काही भाग आमच्या डाव्या हातासारख्या हातांचा असावा, जिथे पाहण्याआधीच साफ केले गेले आणि मग “नाही” असे मोजले गेले.

त्या माणसाच्या आयुष्यात या शीर्षाने काय केले असेल, यावर विद्यार्थ्यांनी बरेच प्रश्न विचारले. बायसेप्सची नेहमीची दोन्ही शीर्षे खांदा ओलांडून जातात. हे तिसरे ओलांडत नाही. म्हणजे खांदा कोणत्याही स्थितीत असला तरी कोपर वाकवण्यास आणि तळहात वर फिरवण्यास त्याची थोडी भर पडली असणार, एवढे रचनेवरून म्हणता येते. त्याला त्रास झाला असेल का, याचे उत्तर देण्याचे आम्ही टाळले. पट्टी रोहिणीच्या मागे होती, तिच्यावरून जात नव्हती. काही वेळा तिसऱ्या शीर्षाचे दोन भाग होऊन एक रोहिणीच्या पुढून आणि एक मागून जातो. तसे असते तर दाबाची चर्चा अधिक अर्थपूर्ण झाली असती.

अस्थिव्यंगोपचार विभागातील एका सहकाऱ्यांना हात दाखवला. त्यांनी पाहिले आणि सरळ म्हणाले की मोडलेल्या भुजास्थीला पुढून धातूची प्लेट बसवताना ते ब्रेकियालिस मध्यावर उभा दुभंगून हाडापर्यंत जातात, हे शीर्ष त्याच्या आतल्या बाजूला राहील, त्यामुळे ते त्यांना कधी दिसणारच नाही. हे उत्तर विद्यार्थ्यांना ऐकवले याचा मला आनंद आहे. प्रत्येक वेगळेपणाला शस्त्रक्रियेतील संकट जोडण्याची सवय आपल्याकडे फार आहे. याउलट, डायलिसिससाठी दंडाच्या आतल्या बाजूची बॅसिलिक शीर ब्रेकियल रोहिणीला जोडणाऱ्या शल्यविशारदाचे काम नेमके याच जागेत चालते. रोहिणीच्या मागे हात घातल्यावर तिथे अनपेक्षित स्नायू लागणे त्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. एमआरआयमध्ये अशी पट्टी गाठ समजली जाण्याची शक्यताही असते.

वेगळे काय करता आले असते

अडलेले दोन प्रश्न आम्ही चर्चेने सोडवले. देहदात्याच्या कुटुंबाला कळवावे का, यावर मतभेद झाले. एका सहकाऱ्यांना वाटत होते की दान देणाऱ्यांना त्याचा उपयोग कळायला हवा. न कळवण्याचा निर्णय झाला, कारण ही बाब आजार नव्हती, घरच्यांच्या प्रकृतीबद्दल तिच्यावरून काही सांगता येत नव्हते, आणि वेगळेपणा हा शब्द ऐकून विनाकारण काळजीच निर्माण झाली असती. वार्षिक श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात, कोणत्या देहाविषयी हे न सांगता, विद्यार्थ्यांनी या शोधाचा उल्लेख केला. दुसरा प्रश्न परीक्षेचा होता. हा हात ओळख-परीक्षेत ठेवायचा नाही, असे ठरले. ज्याने दोनच शीर्षे पाहिली आहेत त्याला तिसऱ्यासाठी गुण कापणे अन्यायाचे झाले असते.

एका हातावर शोधनिबंध लिहावा असे विद्यार्थ्यांना फार वाटत होते. मी नकार दिला, आणि आजही तोच देईन. एक हात म्हणजे एक नोंद, आणि नोंदीला अर्थ तेव्हाच येतो जेव्हा किती हात पाहिले ही संख्या शेजारी असते. म्हणून विभागात आखीव कागदांची एक लांबट नोंदवही सुरू केली. तिच्यात प्रत्येक वर्षी प्रत्येक दंडाची एक ओळ असते, वेगळेपण आढळो वा न आढळो. रकान्यात तीनच उत्तरे चालतात: आहे, नाही, ठरवता आले नाही. तिसऱ्या उत्तराचा आग्रह माझा होता आणि त्यावर “मग शिकवले काय?” असा टोमणाही ऐकावा लागला.

क्रमाबाबत मला स्पष्ट वाटते की पट्टी दिसल्यानंतर पहिली पाच मिनिटे दुसऱ्या हातासाठी वापरायला हवी होती. डावा गट त्या दुपारी अजून काम करत होता. मी उजव्या हाताच्या कुतूहलात अडकले आणि टेबलाच्या पलीकडे, हाताच्या अंतरावर, पुरावा जात राहिला. बायसेप्स कापण्याची पायरी सर्वच टेबलांवर पुढे ढकलावी का, यावर मात्र माझे मत आजही पक्के झालेले नाही. अखंड बायसेप्सखाली काम करणे नवशिक्यांना कठीण जाते, आणि चेता न दिसल्याने चुकून तुटणेही तितकेच शक्य असते. सध्या मधला मार्ग काढला आहे: कापण्याआधी गटातील एकाने कंडरा ओढायची, दुसऱ्याने रोहिणीच्या मागे बोट ठेवायचे, आणि जे कळेल ते वहीत लिहायचे. याला दोन मिनिटे लागतात.

सूचनापत्रातील ते वाक्यही बदलले. आता तेथे लिहिले आहे की रोहिणीभोवतीच्या शिरा आणि चरबी काढावी, स्नायूतंतू दिसल्यास हात थांबवून शिक्षकांना बोलवावे, आणि शिक्षक आले तरी त्यांनी दोन्ही टोके पाहिल्याशिवाय त्या तंतूंना नाव देऊ नये.